बांद्याहून लिस्बनला

आमच्या घरात लिस्बनचे नाव निघत असे ते रागानेच. आमचे गाव बांदा, सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे, गोव्याच्या हद्दीला लागून असलेले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेले सत्याग्रही बांद्याहून पत्रादेवीच्या सीमेकडे निघाले तेव्हा अण्णा, म्हणजे आमचे वडील, नऊ वर्षांचे होते आणि वाटेच्या कडेला उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला तांब्यातून पाणी देत होते. काही वेळाने सीमेकडून गोळीबाराचा आवाज आला, आणि जे त्यांच्या हातचे पाणी पिऊन पुढे गेले होते त्यांतले सगळेच परत आले नाहीत. ही हकीकत अण्णांनी आम्हा दोघी बहिणींना किती वेळा सांगितली असेल याची गणती नाही, आणि प्रत्येक वेळी शेवटी ते हेच म्हणत, की लिस्बनमध्ये बसलेल्या एका माणसाच्या हट्टापायी ही माणसे गेली. तो माणूस म्हणजे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार. अण्णांच्या पश्चात दोन वर्षांनी, पोर्तुगालमधली ती राजवट उलथवून टाकणाऱ्या क्रांतीला २५ एप्रिल २०२४ रोजी ५० वर्षे पूर्ण होत असल्याचे माझ्या वाचनात आले, तेव्हा धाकटी बहीण म्हणाली, "ताई, अण्णांनी ज्या शहराला आयुष्यभर नावे ठेवली, ते एकदा बघून तरी येऊ."

पोर्तुगालसाठी शेंगेन व्हिसा लागतो. त्यासाठी प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून अर्ज करता येतो. आम्ही गेलो तेव्हा शुल्क ८० युरो होते आणि किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा प्रवास विमा सक्तीचा होता. या सोपस्कारांबद्दल एवढेच सांगते, की राहण्याची जागा मात्र लवकर ठरवावी. २५ एप्रिल हा तिथे राष्ट्रीय सुट्टीचा दिवस असतो, आणि त्यातून ते पन्नासावे वर्ष होते.

सोमवारी, २२ एप्रिलला, मध्ये एका ठिकाणी विमान बदलून आम्ही दुपारी लिस्बनला उतरलो. तिथले विमानतळ गावाबाहेर कुठेतरी माळरानावर नाही; शहराच्या मध्यापासून ते जेमतेम सात किलोमीटर आहे, त्यामुळे विमान खाली येऊ लागते तेव्हा खिडकीतून लाल कौलांची छपरे आणि गच्च्यांवर वाळत घातलेले कपडे दिसू लागतात. त्या विमानतळाला उंबेर्तु देल्गादु यांचे नाव आहे. या जनरलने १९५८ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत सालाझारच्या राजवटीला उघड आव्हान दिले आणि १९६५ मध्ये त्याच राजवटीच्या गुप्त पोलिसांनी स्पेनच्या सीमेजवळ त्यांची हत्या केली. २०१६ पासून विमानतळ त्यांच्या नावाने ओळखला जातो. म्हणजे ज्या शहरावर राग धरून आम्ही आलो होतो, त्याच्या उंबरठ्यावरच सालाझारने मारलेल्या माणसाचे नाव होते, ही गोष्ट मला इमिग्रेशनच्या रांगेत उभी असताना प्रथमच जाणवली.

खिडकीतल्या अधिकाऱ्याने किती दिवस राहणार, कुठे राहणार आणि परतीचे तिकीट आहे का, एवढेच विचारून शिक्का मारला. सामानाच्या पट्ट्यावर मात्र बहिणीची बॅग आली आणि माझी आली नाही. पट्टा थांबला, माणसे पांगली, आणि एका कोपऱ्यात कोणाची तरी मुलाची बाबागाडी तेवढी उरली. असा प्रसंग कोणावरही येऊ शकतो, म्हणून काय केले ते नीट लिहिते. सामानाच्या दालनातून बाहेर पडण्याआधीच तिथल्या हरवलेल्या सामानाच्या काउंटरवर जावे लागते, कारण एकदा बाहेर पडले की परत आत येणे कठीण होते. बोर्डिंग पासला चिकटवलेली बॅगेची चिठ्ठी मी जपून ठेवली होती, तीच सर्वात उपयोगी पडली. बॅगेचा रंग, आकार आणि चाके किती याची नोंद करून त्यांनी एक अहवाल तयार केला आणि त्याचा क्रमांक माझ्या हाती दिला. विमान बदलायला वेळ कमी होता, त्यामुळे बॅग मागे राहिली असावी आणि पुढच्या विमानाने ती येईल, असे काउंटरवरच्या मुलीने सांगितले. तोवर लागणाऱ्या गरजेच्या वस्तूंच्या पावत्या सांभाळून ठेवा, असेही ती म्हणाली, आणि बॅग उशिरा मिळाल्याची लेखी तक्रार ती हाती आल्यापासून २१ दिवसांच्या आत करावी लागते, हेही तिने कागदावर लिहून दिले. तिचा स्वर इतका शांत होता की माझा जीव थोडा भांड्यात पडला.

विमानतळाच्या बाहेर पडताच मेट्रोचे स्थानक आहे आणि लाल मार्गिका तिथूनच सुरू होते. स्थानकाच्या भिंतींवर पोर्तुगालमधल्या नामवंत माणसांची अर्कचित्रे काळ्या-पांढऱ्या दगडात काढलेली आहेत, ती बघत आम्ही तिकिटाच्या यंत्रापाशी गेलो. अर्ध्या युरोचे एक कार्ड विकत घेऊन त्यात पैसे भरायचे, आणि तेच मेट्रो, ट्राम, बस सगळीकडे वापरायचे, अशी सोय आहे. बहीण यंत्रावरची बटणे दाबत होती आणि एकाएकी तिने माझा हात धरला. पडद्यावर 'पगार' असे लिहिलेले होते. पोर्तुगीजमध्ये पगार म्हणजे पैसे चुकते करणे. आपल्या बोलण्यातले पाव, बटाटा, चावी, लिलाव, घमेले आणि अननस हे शब्द पोर्तुगीजांकडून आले हे शाळेत शिकलेले होते, पण महिन्याच्या एक तारखेला आपण ज्याची वाट बघतो तो शब्द परक्या शहरातल्या यंत्रावर उमटलेला पाहणे वेगळे. सहा दिवसांत असे कितीतरी शब्द भेटले, आणि प्रत्येक वेळी एखादा नातेवाईक अनपेक्षितपणे बाजारात समोर यावा तसे वाटले.

आलामेदा स्थानकात हिरव्या मार्गिकेची गाडी घेऊन आम्ही मार्तिम मोनिझला उतरलो. तिथून वर चढत जाणारी वस्ती म्हणजे मोरारिया. ११४७ मध्ये ख्रिस्ती राजाने मुसलमानांकडून लिस्बन जिंकून घेतले, तेव्हा मागे राहिलेल्या मूर लोकांना किल्ल्याच्या तटाबाहेर या उतारावर वसवण्यात आले आणि त्यावरूनच तिला हे नाव पडले. आज तिथे बांगलादेशी, नेपाळी, भारतीय, चिनी आणि आफ्रिकी अशी सगळी दुकाने एकाला एक खेटून आहेत. हॉटेलवाल्याने प्रत्येकी रात्रीला दोन युरो हा शहराचा कर घेतला, किल्ली दिली, आणि मी टूथब्रश, साबण आणि दोन कुडत्यांसाठी खाली उतरले. एका बांगलादेशी दुकानदाराकडे सुती कुडता मिळाला, आणि बोलता बोलता त्याने कोथिंबिरीची जुडी कुठे ताजी मिळते तेही सांगितले.

रात्रीचे जेवण आम्ही त्याच चढावरच्या एका छोट्या गोवेकर खानावळीत घेतले. काचेच्या पेटीत समोसे मांडलेले होते. त्यांना तिथे शामुसा म्हणतात आणि लिस्बनच्या साध्यासुध्या कॅफेतही ते मिळतात. आम्ही आपसात मालवणीत बोलत होतो ते ऐकून मालकीणबाई गल्ल्यावरून उठून आल्या. "तुमी खंयचीं?" आम्ही म्हटले, "बांद्याचीं." त्या एकदम हसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे पत्रादेवीच्या पलतडीं!" त्यांचा जन्म म्हापशाचा, मधली काही वर्षे मोझांबिकमध्ये गेली आणि १९७५ मध्ये तो देश स्वतंत्र झाल्यावर त्यांचे कुटुंब लिस्बनला आले. गोव्यातल्या अनेक घरांची हीच वाट आहे. बहीण शाकाहारी आहे हे कळताच त्यांनी आत जाऊन आमच्यासाठी तोंडाक करून आणले, आणि लिस्बनमधली आमची पहिली रात्र अशी नारळाच्या वाटपाच्या वासात सरली.

मंगळवारी आम्ही शहर पायी पाहिले. लिस्बन चढउतारांचे गाव आहे आणि पदपथ चुनखडीच्या पांढऱ्या व बेसाल्टच्या काळ्या चौकोनी तुकड्यांचे आहेत, जे पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी गुळगुळीत झालेले आहेत. रोशिउ चौकात हे तुकडे लाटांच्या नक्षीत बसवले आहेत आणि उभे राहून पाहिले की जमीनच हलते आहे असा भास होतो. चांगल्या तळव्यांची पादत्राणे नेली नसतील तर तिथे घसरायला वेळ लागत नाही. पिवळी २८ क्रमांकाची ट्राम मार्तिम मोनिझहूनच सुटते. ती लाकडी बाकांची, जुन्या घाटाची आहे आणि अल्फामाच्या गल्लीतून जाताना दोन्ही बाजूंच्या भिंती हाताला लागतील इतक्या जवळ येतात. मात्र तिच्यात बसायचे तर सकाळी लवकर जावे, आणि पाकीट पुढच्या बाजूला धरावे, कारण खिसेकापूंचे ते आवडते ठिकाण आहे.

खालच्या सपाट भागाची, म्हणजे बाइशाची, आखणी सरळ रेषांची आहे आणि तिच्यामागे मोठी आपत्ती आहे. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लोक चर्चमध्ये प्रार्थनेसाठी जमलेले असताना मोठा भूकंप झाला, त्यापाठोपाठ समुद्र शहरात शिरला, आणि चर्चमधल्या मेणबत्त्या व घरोघरच्या चुलींतून पेटलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली. नंतर राजाचा मुख्य मंत्री असलेल्या पोंबालच्या मार्किसने शहर नव्याने उभारले तेव्हा इमारतींच्या भिंतींत लाकडी सांगाडे बसवले, ज्यांना पिंजरा असेच म्हणत. ते धक्का सोसतात का हे पाहण्यासाठी नमुन्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवले होते. टेकडीवर कार्मोच्या मठाचे चर्च मात्र तसेच ठेवलेले आहे. त्याच्या कमानी उभ्या आहेत आणि वर छप्पर नाही. आम्ही आत गेलो तेव्हा उघड्या मंडपात चिमण्या ये-जा करीत होत्या आणि कमानींमधून निळे आकाश दिसत होते. या मठासमोरच्या चौकातच १९७४ ची क्रांती तडीस गेली हे आम्हाला ठाऊक होते, म्हणून दोन दिवसांनी पुन्हा येऊ असे ठरवून आम्ही उतरलो.

त्या रात्री फादो ऐकायला गेलो. फादो ही लिस्बनच्या गरीब वस्त्यांतून उगवलेली गायकी आहे, आणि मोरारियाला तिचे माहेर मानतात, कारण फादोची पहिली ख्यातनाम गायिका मारिया सेव्हेरा, जिचे १८४६ मध्ये वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी निधन झाले, ती इथल्याच एका गल्लीत राहत असे. २०११ मध्ये युनेस्कोने फादोला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. मोठ्या हॉटेलांतून जेवणासह चालणारे कार्यक्रमही असतात. आम्ही दहा-बारा टेबलांची एक खोली निवडली, जिथे गाणारे बहुतेक आसपासचेच असतात. तिथे बसताच टेबलावर पाव, ऑलिव्ह आणि चीज आणून ठेवतात. ते फुकट नसते आणि नको असेल तर हात न लावता परत पाठवता येते, हे मालकीणबाईंनी आदल्या रात्रीच सांगून ठेवले होते.

साडेनऊच्या सुमारास वाढप्याने दिवे मंद केले आणि शांतता पाळायला सांगितले. ताट-वाट्यांचा आवाज थांबला. एकाच्या हाती बारा तारांची, नासपतीच्या आकाराची पोर्तुगीज गिटार, दुसऱ्याच्या हाती नेहमीची गिटार, आणि त्यांच्यापुढे, आतापर्यंत आमच्या टेबलावर पाणी आणून ठेवणारीच एक पन्नाशीची बाई काळी शाल खांद्यावर ओढून उभी राहिली. तिने डोळे मिटले, मान थोडी वर केली आणि माइकशिवाय गायला सुरुवात केली. शब्द कळत नव्हते. स्वर खालून वर चढत जाऊन एका ठिकाणी थांबे, तिथे गिटारवाल्याची बोटे क्षणभर तारांवर नुसती टेकून राहत, आणि मग ती जणू स्वतःशीच काही बोलावे तसे पुढचे शब्द टाकी. भैरवी संपत आल्यावर मैफलीत जी शांतता बसते, ती मला त्या खोलीत पहिल्याच गाण्याला भेटली. शेवटच्या ओळीला मागून कोणीतरी दाद दिली आणि टाळ्या पडल्या. तिने शाल काढून खुर्चीवर ठेवली आणि पुन्हा पाण्याचा जग हाती घेतला. फादोबद्दल लिहिणारे सौदाद या शब्दापाशी हटकून थांबतात आणि त्याचे भाषांतर होत नाही असे म्हणतात. मला तरी तसे वाटले नाही. माहेरी गेल्यावर अण्णांच्या रिकाम्या आरामखुर्चीकडे पाहून आम्हा दोघींना जे होते, ते याहून वेगळे असेल असे मला वाटत नाही. आपल्याकडे त्याला हुरहूर म्हणतात.

बुधवारी बॅग आली. हॉटेलवर माणूस ती पोचवून गेला आणि मी पावत्या पाकिटात घालून ठेवल्या. त्याच दिवशी आम्ही १५ क्रमांकाच्या ट्रामने बेलेंला गेलो. जेरोनिमोसचा मठ १५०१ मध्ये बांधायला घेतला आणि त्याचा खर्च आफ्रिका व पूर्वेकडून येणाऱ्या मालावरच्या करातून झाला, ज्याला मिरीचा विसावा हिस्सा असेच नाव होते. पांढऱ्या दगडात दोरखंड, शंखशिंपले आणि पाने कोरलेली आहेत, खांब ताडाच्या झाडांसारखे सरळ वर जाऊन छतात फांद्यांसारखे फुटतात, आणि इतके मोठे छत १७५५ चा धक्का सोसून टिकले आहे. हे सर्व अतिशय सुंदर आहे यात शंका नाही. पण चर्चमध्ये शिरल्यावर दाराजवळच वास्को द गामाची समाधी आहे, हात जोडून आडव्या पडलेल्या दगडी मूर्तीची, आणि तिच्यासमोर उभे राहिल्यावर माझ्या मनात आले ते एवढेच, की या दगडांचे पैसे आपल्या मलबारच्या मिरवेलींवरून तोडून आणलेले आहेत. १५२४ मध्ये हा माणूस कोचीत मरण पावला, काही वर्षे तिथेच पुरलेला होता, आणि पुढे त्याचे अवशेष पोर्तुगालला नेण्यात आले. बहीण बराच वेळ गप्प उभी होती. बाहेर आल्यावर १८३७ पासून चालू असलेल्या प्रसिद्ध दुकानातले गरम पाश्तेल, म्हणजे कस्टर्ड भरलेल्या छोट्या खुसखुशीत वाट्या, वर दालचिनी भुरभुरून, आम्ही नदीकाठी बसून खाल्ले. ते खरोखरच अप्रतिम असतात.

गुरुवारी २५ एप्रिल उजाडला. १९७४ मध्ये त्या दिवशी मध्यरात्री बारा वाजून वीस मिनिटांनी रेडिओवर झेका आफोन्सु यांचे 'ग्रांदोला' हे गाणे लागले, आणि तो लष्करातल्या तरुण अधिकाऱ्यांना निघण्याचा इशारा होता. सालाझारचा वारस मार्सेलु कायतानु कार्मोच्या छावणीत लपला, कॅप्टन साल्गेइरु माया यांनी तिला वेढा दिला, आणि संध्याकाळपर्यंत अठ्ठेचाळीस वर्षांची हुकूमशाही कोसळली. गुप्त पोलिसांनी आपल्या कचेरीतून केलेल्या गोळीबारात चार माणसे मारली गेली. सैनिकांनी मात्र जमावावर गोळी झाडली नाही. सेलेश्त कायेरु ही एका उपाहारगृहात काम करणारी बाई हातात कार्नेशनची फुले घेऊन घरी निघाली होती. सैनिकाने तिच्याकडे सिगारेट मागितली, ती नव्हती म्हणून तिने फूल दिले, आणि त्याने ते बंदुकीच्या नळीत खोचले. त्यावरून त्या क्रांतीला कार्नेशनचे नाव पडले.

दुपारी तीनच्या सुमारास आम्ही आवेनिदा दा लिबेरदादे या रुंद रस्त्यावर पोचलो, तेव्हा मुंगीला शिरायला जागा नव्हती. आजोबा, नातवंडे, शिक्षकांच्या संघटना, ढोल वाजवणारी मुले, आफ्रिकी तरुण, सर्वांच्या छातीवर किंवा हातात लाल कार्नेशन होते, आणि मधूनच कोणीतरी "एप्रिल सदैव, फॅसिझम पुन्हा कधीच नाही" ही घोषणा सुरू करी व ती रस्त्याच्या टोकापर्यंत जाई. माझ्या शेजारी ऐंशीच्या घरातल्या एक बाई नातीच्या खांद्याला धरून उभ्या होत्या. आमच्या हातात फूल नाही हे पाहून त्यांनी आपल्या जुडीतली दोन काढली, जुडीची लाल फीत सोडून त्याच फितीने ती दोन फुले बांधली आणि माझ्या हाती दिली. आम्ही भारतातून आलो हे नातीने इंग्रजीतून समजून घेऊन सांगितल्यावर त्यांनी एकच शब्द उच्चारला, "गोवा?"

त्यांचा थोरला भाऊ १९६१ मध्ये गोव्यात सैनिक होता. डिसेंबरमध्ये भारतीय सेना येते आहे हे दिसत असताना सालाझारने गव्हर्नर जनरल व्हासालु इ सिल्व्हा यांना शरण न जाण्याचा, शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा आदेश दिला होता. त्यांनी तो न मानता १९ डिसेंबरला शरणागती पत्करली. सालाझारने त्यांना सैन्यातून काढून टाकले, आणि त्यांची प्रतिष्ठा त्यांना १९७४ नंतरच परत मिळाली. युद्धकैदी झालेले तीन हजारांहून अधिक सैनिक १९६२ मध्ये मायदेशी परतले, तेव्हा त्यांनाही अपमानच सोसावा लागला. बाईंचा भाऊ त्यांतलाच एक. गावातले लोक त्याच्याशी धड बोलत नसत, पण तो जिवंत घरी आला, आणि त्याला कारण त्या गव्हर्नरांची अवज्ञा, असे त्या नातीकडून सांगवत होत्या. मी त्यांना अण्णांच्या तांब्याची गोष्ट सांगितली. नातीने ती पोर्तुगीजमध्ये सांगताना मध्येच थांबून आजीचा चेहरा पाहिला. आजीने माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि गर्दी पुढे सरकेपर्यंत सोडला नाही.

शुक्रवारी सकाळी कॅथेड्रलजवळच्या अल्जूब या जुन्या तुरुंगात गेलो, जो २०१५ पासून प्रतिकार आणि स्वातंत्र्याचे संग्रहालय आहे. एकांतवासाच्या कोठड्या इतक्या अरुंद, की त्यांना बैल कोंडण्याच्या खोपटांचेच नाव पडले होते. एकीत मी उभी राहिले. दोन्ही कोपर भिंतींना लागले.

त्याच रात्री मात्र आम्ही लिस्बनची दुसरी बाजू पाहिली, कारण अवघे शहर सुट्टीच्या सुरात होते. बाइरो आल्तो हा दिवसा झोपलेला भाग रात्री दहानंतर जागा होतो; मद्यालये इतकी छोटी, की लोक पेला घेऊन बाहेर रस्त्यावरच उभे राहतात आणि सगळी गल्लीच एक दिवाणखाना होते. आम्ही दोघींनी रोशिउजवळच्या एका १८४० पासूनच्या दुकानात जिंजिन्या या आंबट चेरीच्या मद्याचा अगदी छोटा पेला घेतला होता, तेवढाच. तिथून उतरून काइश दु सोद्रेला गेलो, जिथे गुलाबी रंगाने रंगवलेला एक अख्खा रस्ता आहे, आणि नदीकाठी काबु व्हेर्दच्या बेटांवरचे संगीत वाजवणारे एक नृत्यगृह आहे. बारानंतर खरा कार्यक्रम सुरू झाला. वादक वयस्क होते. नाचणाऱ्यांत विशीतली मुले होती तशा सत्तरीतल्या बायकाही होत्या, आणि एका आजोबांनी बहिणीला पावले शिकवायला घेतली तेव्हा ती लाजली नाही. गोवा, काबु व्हेर्द, अंगोला, मोझांबिक, या सगळ्यांना एकाच सत्तेने बांधले होते आणि त्यांच्या मुक्तीच्या लढायांनीच शेवटी लिस्बनला मोकळे केले, कारण आफ्रिकेतल्या त्या युद्धांना कंटाळलेल्या सैनिकांनीच १९७४ चा उठाव केला. मेट्रो रात्री एकला बंद होते, म्हणून परतताना टॅक्सी केली. पन्नाशीच्या दोन बायकांना रात्री दोन वाजता कुठे भीती वाटली नाही; बाइशात कोणी कानाशी येऊन काही विकू लागला तर मान हलवून पुढे चालत राहावे, एवढे पुरते.

शनिवारी सकाळी काइश दु सोद्रेहून काश्काइशकडे जाणारी गाडी धरली. ती तेजो नदीच्या काठाने समुद्राकडे जाते, आणि वाटेत काशियाश हे छोटे स्थानक आहे. तिथल्या किल्ल्यातल्या तुरुंगात मोहन रानडे होते. मूळचे सांगलीचे, गोव्यात शिक्षकाचे काम करता करता गोव्याच्या मुक्तीसाठी लढणाऱ्या आझाद गोमंतक दलात गेलेले रानडे १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले आणि त्यांना २६ वर्षांची शिक्षा झाली. गोवा मुक्त झाला तरी ते सुटले नाहीत, कारण त्यांना आधीच पोर्तुगालला हलवलेले होते. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके यांनी केलेली खटपट आमच्या आईवडिलांच्या पिढीला चांगली आठवत असे. जानेवारी १९६९ मध्ये ते बाहेर आले. २६ एप्रिल १९७४ च्या रात्री याच तुरुंगाची दारे उघडून बाकीचे राजकीय कैदी मुक्त झाले, आणि आम्ही पोचलो त्याला बरोबर ५० वर्षे झाली होती.

तिथे आजही तुरुंग आहे, त्यामुळे आत जाता येत नाही. आम्ही चढावर थोडे चालून जाऊन भिंत दिसते तिथपर्यंत गेलो आणि परत खाली आलो. स्थानकाशेजारी छोटी वाळू आहे. मुले पाण्यात उतरली होती, आणि दर वीस मिनिटांनी गाडी येऊन जात होती.

रविवारी निघताना ती लाल फीत मी बॅगेच्या कडीला बांधली, पुन्हा हरवली तर ओळखता यावी म्हणून. फीत हाही शब्द पोर्तुगीजच. मुंबईत विमान बदलून आम्ही मोपाला उतरलो, आणि पट्ट्यावर काळ्या बॅगांच्या गर्दीत ती लांबूनच दिसली. मोपाहून बांद्याला जाताना पत्रादेवीचे हुतात्मा स्मारक लागते. गाडी थांबवून बहीण उतरली, तिने डिकीतल्या बॅगेची फीत सोडली आणि स्मारकाच्या कठड्याला बांधून आली.